नव्या संगणकावर जुना परवाना : वैद्य व औषधालयचालकांसाठी एक अभ्यासलेख

प्रस्तावना

वैद्यकीय व्यवसायात संगणकाचा प्रवेश होऊन आता बराच काळ लोटला आहे. रुग्णनोंदी, औषधसाठा, बिले, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, फार्मसीतील प्रत्येक बॅचची नोंद अशी अनेक कामे नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर येथील चिकित्सालयांत व औषधालयांत आज संगणकावरच होतात. अक्कलकुवा आणि धडगाव या सातपुड्याच्या तालुक्यांतही ज्या वैद्यांनी संगणक स्वीकारला आहे, त्यांचे दैनंदिन काम त्याच्यावाचून अडते. अशा वेळी संगणक जुना होणे किंवा विजेच्या कमीजास्त दाबाने त्याचा मदरबोर्ड निकामी होणे ही केवळ यंत्राची बाब राहत नाही. दूरच्या पाड्यावरून आलेल्या रुग्णाला मागील खेपेस कोणता कल्प, कोणत्या मात्रेत व कोणत्या अनुपानासह दिला होता, हे त्या दिवशी सांगता येईल की नाही, हा प्रश्न त्यात गुंतलेला असतो.

या विषयाची चर्चा आताच करण्याचे एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर या यादीत येतात. साहजिकच अनेक सुस्थितीतील संगणक या निकषांत बसत नाहीत आणि त्यांच्या मालकांना नवा संगणक जुळवून घ्यावा लागत आहे. नवा संगणक घेताना बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न येतो : जुन्या संगणकावरील विंडोज आपण पैसे देऊन घेतली आहे, मग ती नव्यावर नेता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. ते परवान्याच्या प्रकारावर अवलंबून आहे. म्हणून प्रथम निदान, नंतर साध्यासाध्यता आणि शेवटी प्रत्यक्ष कर्म, या आपल्या परिचित क्रमानेच आम्ही हा विषय मांडीत आहोत.

परवाना कोणाचा : यंत्राचा की मालकाचा?

ऑपरेटिंग सिस्टीम विकत घेतली असे आपण म्हणतो, परंतु वस्तुतः आपण ती वापरण्याचा परवाना घेतो. परवान्याला नेहमी अटी असतात. ही गोष्ट आपल्या व्यवसायातील दोन उदाहरणांवरून सहज समजेल.

महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ अन्वये महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे वैद्याची जी नोंदणी होते, ती व्यक्तीची असते. अक्कलकुव्याचे चिकित्सालय बंद करून वैद्य तळोद्यास आले तरी नोंदणी क्रमांक तोच राहतो, केवळ बदललेला पत्ता कळवावा लागतो. याउलट आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा नमुना २५-डी मधील परवाना पाहावा. त्यावर निर्मितीच्या जागेचा पत्ता असतो व तो परवाना त्याच जागेपुरता असतो. फार्मसी दुसऱ्या जागेत नेली की परवाना भिंतीवरून काढून नव्या भिंतीवर लावून चालत नाही.

विंडोजच्या परवान्यांतही नेमके हेच दोन मुख्य भेद आहेत. एक परवाना मालकाबरोबर जातो, दुसरा यंत्राबरोबर राहतो. पहिल्यास रिटेल परवाना म्हणतात. तो वेष्टनबंद पेटीतून किंवा कंपनीच्या अधिकृत दुकानातून स्वतंत्रपणे विकत घेतलेला असतो. दुसऱ्यास ओईएम परवाना म्हणतात. तो यंत्राच्या उत्पादकाने किंवा जुळणी करणाऱ्या विक्रेत्याने यंत्राबरोबरच दिलेला असतो. नामांकित कंपनीचा तयार संगणक किंवा लॅपटॉप घेतला असेल व त्यात विंडोज आधीपासून असेल, तर तो परवाना जवळजवळ निश्चितपणे ओईएम असतो.

याखेरीज व्हॉल्यूम नावाचा तिसरा प्रकार आहे. मोठ्या संस्था, महाविद्यालये व कार्यालये अनेक संगणकांसाठी एकत्रित करार करून तो घेतात. हा परवाना संस्थेचा असतो. त्यातील एखादी की बाहेरच्या व्यक्तीला सुटी विकण्याचा अधिकार कोणासही नसतो.

क्रमांक व्यक्तीचा की वस्तूचा हा भेद आपल्या जिल्ह्याला नवा नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक वितरित झाले. तो क्रमांक कार्डाच्या कागदाचा नाही, तो धारकाचा आहे. कार्ड हरवले तर नवे छापता येते, क्रमांक बदलत नाही. रिटेल परवान्याचे स्वरूप काहीसे असे आहे. ओईएम परवाना मात्र वाहनाच्या चासी क्रमांकासारखा त्या यंत्राशी बांधलेला असतो.

यंत्राची ओळख कशी ठरते

विंडोज एक्सपी २००१ साली आली, तेव्हापासून विंडोजमध्ये ॲक्टिव्हेशनची पद्धत सुरू झाली. पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की पाच-पाच अक्षरांच्या पाच गटांत दिलेली असते. ती की आणि यंत्रातील भागांवरून तयार होणारी एक खूण यांची सांगड कंपनीच्या सर्व्हरवर नोंदली जाते. विंडोज १० पासून याच नोंदीला डिजिटल लायसन्स असे नाव मिळाले आणि २०१६ पासून ती वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडण्याची सोय झाली.

या खुणेत सर्वाधिक महत्त्व मदरबोर्डला आहे. रॅम वाढवली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, पॉवर सप्लाय बदलला तरी यंत्र तेच समजले जाते. मदरबोर्ड बदलला की सर्व्हरच्या दृष्टीने ते नवे यंत्र होते. म्हणूनच जुन्या संगणकाची डिस्क काढून नव्या यंत्रात बसवली तर विंडोज अनेकदा सुरू होते, परंतु काही वेळाने ती ॲक्टिव्हेट नसल्याची सूचना पडद्याच्या कोपऱ्यात दिसू लागते. डिस्क नेली म्हणजे परवाना नेला असे होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

निदान : आपल्याकडे कोणता परवाना आहे?

आपल्या शास्त्रात केवळ एका लक्षणावरून व्याधीचा निश्चय करीत नाहीत. दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेचा आधार घेतला जातो. येथेही तीन बाजूंनी परीक्षा करणे हिताचे आहे.

पहिली परीक्षा कागदपत्रांची. संगणकाचे मूळ बिल काढून पाहावे. त्यात विंडोजची स्वतंत्र ओळ व स्वतंत्र किंमत आहे काय, ती रिटेल पेटी होती की जुळणीसोबत दिलेली ओईएम प्रत होती, हे पाहावे. ऑनलाइन खरेदी असल्यास खात्यातील खरेदीची नोंद व आलेला ई-मेल शोधावा.

दुसरी परीक्षा यंत्राची. विंडोज ७ च्या काळातील यंत्रांच्या पेटीवर अस्सलतेचे व कीचे लेबल चिकटवलेले असते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून मोठ्या उत्पादकांनी की मदरबोर्डमधील फर्मवेअरमध्येच ठेवण्यास प्रारंभ केला. पेटीवर कीचे लेबल, किंवा की फर्मवेअरमध्ये असणे, ही दोन्ही ओईएम परवान्याची प्रमुख लक्षणे होत.

तिसरी परीक्षा स्वतः विंडोजला प्रश्न विचारण्याची. कळफलकावरील विंडोजची कळ व आर ही कळ एकत्र दाबावी. उघडणाऱ्या चौकटीत एसएलएमजीआर ही अक्षरे इंग्रजीत टंकित करून एक जागा मोकळी सोडावी, नंतर तिरकी रेघ देऊन डीएलआय ही अक्षरे लिहावीत व एंटर दाबावे. काही क्षणांत एक छोटी खिडकी उघडते. तिच्यातील वर्णनाच्या ओळीत रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द दिसतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्या संगणकावर विंडोज ७ किंवा ८.१ ची ओईएम प्रत होती आणि पुढे ती विनामूल्य विंडोज १० मध्ये रूपांतरित झाली, त्यावर या खिडकीत ‘रिटेल’ असा शब्द दिसू शकतो. कारण रूपांतराच्या वेळी यंत्रात एक सर्वसाधारण की बसवली जाते व ती असंख्य यंत्रांवर एकच असते. मूळ परवाना ओईएम असेल तर रूपांतरानेही तो ओईएमच राहतो. म्हणून पडद्यावरील शब्द आणि बिल यांत विरोध आढळल्यास बिलाला प्राधान्य द्यावे. त्याच कारणाने, की शोधून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामांनी दाखवलेली की हीच आपली खरी की, असेही समजू नये.

साध्यासाध्यता

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात व्याधींचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व प्रत्याख्येय असे भेद सांगितले आहेत. परवान्याच्या स्थानांतरालाही हीच विभागणी सोयीची पडते.

(१) सुखसाध्य : रिटेल परवाना. विंडोजच्या परवाना-करारानुसार, स्वतंत्रपणे विकत घेतलेली प्रत आपल्या मालकीच्या दुसऱ्या यंत्रावर नेता येते. अट अशी की, ती नेताना पहिल्या यंत्रावरून काढून टाकली पाहिजे. एका परवान्यावर एका वेळी एकच यंत्र. बाह्यरुग्ण विभागातील व औषधालयातील असे दोन संगणक एकाच रिटेल परवान्यावर चालवणे हे कराराला धरून नाही.

(२) कृच्छ्रसाध्य : ओईएम परवाना असलेल्या यंत्राचा मदरबोर्ड सदोष निघाल्याने किंवा बिघडल्याने बदलणे. अशा दुरुस्तीसाठी नवा परवाना घेण्याची गरज नाही, असे मायक्रोसॉफ्टचे धोरण आहे. मात्र नवा मदरबोर्ड त्याच बनावटीचा व त्याच प्रकारचा, अथवा उत्पादकाने ठरवलेला समतुल्य असावा लागतो. ॲक्टिव्हेशन आपोआप होईलच असे नाही. उत्पादकाच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या साहाय्य विभागाशी पत्रव्यवहार करावा लागू शकतो, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याकडून बिघाडाची लेखी नोंद घेऊन ठेवावी. केवळ अधिक वेगवान यंत्र हवे म्हणून मदरबोर्ड बदलला तर ही सवलत लागू होत नाही.

(३) याप्य : व्हॉल्यूम परवाना. पथ्य पाळले जाते तोवरच याप्य व्याधी आटोक्यात राहतो. व्हॉल्यूम परवान्याच्या एका प्रचलित पद्धतीत संगणकाला १८० दिवसांत निदान एकदा संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क साधून ॲक्टिव्हेशन नूतन करावे लागते. संस्थेशी संबंध सुटला की आधारही सुटतो. एखाद्या खासगी चिकित्सालयातील संगणकावर हा प्रकार आढळला, तर तो तेथे कसा आला याची चौकशी विक्रेत्याकडे अवश्य करावी.

(४) प्रत्याख्येय : ओईएम परवाना सर्वस्वी नव्या यंत्रावर नेणे. हे करारानुसार शक्य नाही. तो परवाना दुसऱ्या व्यक्तीस देता येतो, परंतु मूळ यंत्रासह. येथे वेळ, श्रम व पैसा खर्च न करता नव्या यंत्रासाठी नवा परवाना घेणे हाच योग्य मार्ग होय. असाध्य व्याधी आरंभीच ओळखून तसे सांगणाऱ्या वैद्याची कीर्ती कमी होत नाही. संगणकाच्या विक्रेत्यानेही ग्राहकास हे आधीच सांगावे, अशी अपेक्षा ठेवण्यास हरकत नाही.

विंडोज ७ व ८ च्या जुन्या कींविषयी स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. विनामूल्य रूपांतराची घोषित मुदत २९ जुलै २०१६ रोजी संपली होती, तरीही पुढे कित्येक वर्षे या की विंडोज १० व ११ ॲक्टिव्हेट करीत असत. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो मार्ग बंद केल्याचे जाहीर केले. कपाटात जपून ठेवलेली विंडोज ७ ची रिटेल पेटी आता नव्या संगणकाच्या कामी येईल असे धरून अंदाजपत्रक करू नये. विंडोज १० ची रिटेल की मात्र त्याच आवृत्तीच्या विंडोज ११ साठी चालते : होम असल्यास होमसाठी व प्रो असल्यास प्रोसाठी.

पूर्वकर्म

पंचकर्मात स्नेहन-स्वेदनावाचून प्रधानकर्माला हात घालीत नाहीत. परवान्याच्या स्थानांतरातही बहुतेक अडचणी पूर्वकर्म टाळल्यामुळे उद्भवतात. जुना संगणक चालू असतानाच पुढील गोष्टी कराव्यात.

(१) रुग्णनोंदी, साठा व हिशेब यांच्या दोन स्वतंत्र प्रती घ्याव्यात. एक बाह्य डिस्कवर आणि दुसरी वेगळ्या ठिकाणी ठेवावी. प्रत घेतली एवढ्यावर समाधान न मानता ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. संगणक बदलल्याची सबब तेथे उपयोगी पडत नाही.

(२) सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशनच्या पानावर जाऊन डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेले आहे काय ते पाहावे. नसल्यास त्याच वेळी जोडावे. ज्या यंत्राचा मदरबोर्ड जळून गेला आहे, त्याच्यावरून ही जोडणी नंतर करता येत नाही. आपल्याकडे वळवाच्या दिवसांत विजेचा लपंडाव व गडगडाट यांचा अनुभव सर्वांनाच आहे. ही जोडणी आज करून ठेवणे हा त्यावरील स्वस्तातला उपाय होय. खाते वैद्याच्या किंवा मालकाच्या स्वतःच्या नावे असावे. संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाच्या ई-मेलवर ते उघडलेले असल्यास परवाना व्यवहारतः त्याच्या हाती राहतो.

(३) डिस्क कूटबद्ध केलेली असल्यास तिची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. अनेक नव्या लॅपटॉपवर हे कूटबंधन मालकाच्या नकळत सुरू असते. मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज ही की मागते, आणि ती नसेल तर डिस्कवरील नोंदी उघडणे अशक्य होते. परवाना पुन्हा विकत घेता येतो, गेलेल्या रुग्णनोंदी घेता येत नाहीत.

(४) इतर प्रोग्रामांचे परवाने वेगळे पाहावेत. ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर ते आपोआप जात नाहीत. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रामात जुन्या संगणकावरून परवाना ‘सरेंडर’ करून नव्यावर तो पुन्हा ॲक्टिव्हेट करण्याची सोय आहे, ती जुना संगणक मोडण्यापूर्वी वापरावी. औषधालयाच्या बिलांचा प्रोग्राम किंवा मराठी टंकलेखनाचा जुना संच यांसाठी कुलूप म्हणून संगणकाला जोडायचा डाँगल असेल, तर तो नव्या यंत्राला कोठे बसेल हे विक्रेत्यास आधी विचारावे. जुने डाँगल प्रिंटरच्या रुंद पोर्टला लावीत, आणि नव्या मदरबोर्डवर ते पोर्ट सहसा नसते.

प्रधानकर्म

पूर्वकर्म यथाविधी झाले असता प्रत्यक्ष स्थानांतर फारसे कठीण नाही.

(१) नव्या यंत्रावर, मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने तयार केलेल्या किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून विंडोज बसवावी. दुकानातून हाती आलेली, आधीच ॲक्टिव्हेट केलेली प्रत स्वीकारू नये. अशा प्रतीत आणखी काय भरलेले आहे हे कळण्यास मार्ग नसतो.

(२) जुन्या यंत्रावर होती तीच आवृत्ती निवडावी. होमचा परवाना असताना प्रो बसवल्यास की स्वीकारली जात नाही, आणि अनेकदा परवानाच खोटा असल्याचा गैरसमज होतो.

(३) रिटेल की हाताशी असल्यास ती बसवतानाच द्यावी. की नसून डिजिटल लायसन्स खात्याशी जोडलेले असल्यास की देण्याची पायरी वगळावी, विंडोज सुरू झाल्यावर त्याच खात्याने प्रवेश करावा आणि ॲक्टिव्हेशनच्या पानावरील ट्रबलशूट या पर्यायावर जावे. यंत्राचे भाग नुकतेच बदलले आहेत अशा अर्थाचा पर्याय तेथे येतो. तो निवडल्यावर खात्याशी जोडलेल्या यंत्रांची यादी दिसते. तीतून जुन्या यंत्राचे नाव निवडावे. यासाठी जुन्या संगणकाचे नाव आधीच टिपून ठेवलेले असावे.

(४) जुन्या यंत्रावरील की काढावी. तेथे प्रशासकाच्या अधिकाराने कमांडची खिडकी उघडून वर सांगितलेल्या एसएलएमजीआर या आदेशासोबत डीएलआय ऐवजी यूपीके ही अक्षरे द्यावीत. या कृतीने ती की त्या यंत्रातून निघते. मात्र कंपनीच्या सर्व्हरवरील नोंद केवळ याने बदलत नाही, ती नव्या यंत्राच्या ॲक्टिव्हेशनने बदलते. तेव्हा हे पाऊल कराराची अट पाळण्यासाठी आहे, ॲक्टिव्हेशनची हमी म्हणून नव्हे.

(५) ॲक्टिव्हेशनच्या पानावर विंडोज ‘ॲक्टिव्ह’ असल्याचे वाचून त्या पानाची छापील प्रत बिलासोबत ठेवावी.

पश्चात्कर्म

नवा संगणक सुरू झाला म्हणजे काम संपले असे नाही. जुना संगणक लगेच भंगारात देऊ नये. निदान एक महिना तो बाजूला ठेवून नव्या यंत्रावर सर्व नोंदी, मागील वर्षांची बिले व छापील निकाल बरोबर येतात काय हे पाहावे. संसर्जनक्रमाप्रमाणे येथेही हळूहळू पूर्वपदावर येणे बरे.

त्यानंतर जुन्या डिस्कचा प्रश्न उरतो. साध्या क्विक फॉरमॅटने डिस्कवरील मजकूर खऱ्या अर्थाने पुसला जात नाही. विंडोजमधील रीसेटच्या सोयीत डिस्क पूर्ण साफ करण्याचा पर्याय आहे, तो वापरावा. रुग्णाने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी त्या डिस्कवर असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अशा माहितीच्या रक्षणाचे दायित्व ती बाळगणाऱ्यावर टाकलेले आहे. परंतु कायदा नसता तरी वैद्याचे हे कर्तव्य राहिलेच असते.

अपथ्य : स्वस्त की

बाजारात काहीशे रुपयांत विंडोजची की मिळते असे अनेकांच्या ऐकिवात असेल. अशा की बहुधा एखाद्या संस्थेच्या व्हॉल्यूम करारातून बाहेर पडलेल्या, मोडीत गेलेल्या यंत्रांवरून उतरवलेल्या ओईएम प्रतींच्या किंवा गैरमार्गाने मिळवलेल्या असतात. त्या काही दिवस चालतात, पुढे कंपनीने त्या रद्द केल्या की चिकित्सालयातील संगणक पुन्हा जुन्या अवस्थेत येतो. की चालली म्हणजे परवाना मिळाला, हा समज चुकीचा आहे.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ६३-ब नुसार प्रोग्रामची अनधिकृत प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कारावास आणि ५०,००० रुपये ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल तरच न्यायालय सौम्य दृष्टी ठेवू शकते. चिकित्सालय व औषधालय हे व्यवसायच असल्याने त्या सवलतीवर विसंबणे योग्य नाही.

पर्याय

ज्यांचा परवाना प्रत्याख्येय प्रकारात मोडतो आणि नव्या परवान्याचा खर्च तूर्त झेपत नाही, त्यांच्यासाठी लिनक्सचा मार्ग खुला आहे. उबुंटू किंवा सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय प्रणाली विनामूल्य घेता येते, कितीही यंत्रांवर बसवता येते, आणि तिच्या बाबतीत स्थानांतराचा प्रश्नच उद्भवत नाही. मराठीत लिहिणे-वाचणे, इंटरनेट, पत्रे व तक्ते ही कामे तिच्यावर उत्तम होतात. तथापि बिलांचा किंवा हिशेबाचा प्रोग्राम केवळ विंडोजवर चालणारा असल्यास हा बदल करण्यापूर्वी त्या प्रोग्रामच्या पुरवठादाराला अवश्य विचारावे. चिकित्सालयात दोन संगणक असतील तर परवानाधारक विंडोज बिलांच्या संगणकावर ठेवून दुसऱ्यावर लिनक्स घेण्याचा मध्यममार्ग व्यवहार्य ठरतो.

उपसंहार

समजा, शहाद्याच्या एखाद्या औषधालयचालकाने रेल्वेने सुरतेस जाऊन नव्या संगणकाचे भाग आणले, जुना संगणक त्याच दिवशी मोडला, आणि मग त्याला कळले की जुना परवाना ओईएम होता, खाते जोडलेले नव्हते व हिशेबाचा परवाना सरेंडर करायचा राहिला. त्याचे नुकसान परवान्याच्या किमतीहून मोठे असते. कारण तोवर दुकान हातबिलांवर चालते, साठ्याचा मेळ लागत नाही आणि विवरणपत्राची तारीख जवळ येत राहते. हीच माहिती त्याने भाग खरेदी करण्यापूर्वी एका संध्याकाळी बिल काढून पाहिली असती, तर नव्या परवान्याची रक्कम अंदाजपत्रकात धरून सर्व काम विनासायास झाले असते.

म्हणून आमचे सांगणे इतकेच आहे. परवाना यंत्राचा आहे की आपला, याचे निदान नवा संगणक ठरवण्याआधी करावे. नवा परवाना घ्यावाच लागत असेल तर पुढील स्थानांतराचा विचार करून शक्यतो रिटेल प्रत घ्यावी. विक्रेत्याकडून विंडोजची स्वतंत्र ओळ असलेले बिल मागून घ्यावे आणि ते बिल, की, खात्याचे नाव व रिकव्हरी की हे चारही एका पाकिटात घालून नोंदणी प्रमाणपत्राच्या शेजारी ठेवावे. जोवर नवा संगणक ॲक्टिव्हेट होऊन त्यावर एक तरी जुनी रुग्णनोंद उघडलेली पाहिली नाही, तोवर जुन्याच्या स्क्रूला हात लावू नये.